न लिहिलेलं वाचायला शिका: जपानी संस्कृतीच्या वाटेवरची पहिली पावलं

जपानी भाषेच्या पहिल्या तासाला फळ्यावर अक्षरांचा तक्ता येतो आणि मराठी माणूस थबकतो. आ, इ, उ, ए, ओ. पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही तर आपलीच वर्णमाला, मधली काही घरं मोकळी सोडलेली! आपल्या च-वर्गाच्या जागी तिथे 'सा' बसलाय, कारण त्या काळी त्याचा उच्चार 'त्सा'च्या जवळचा होता. प-वर्गाच्या जागी 'हा' आहे, कारण जुन्या जपानीत तिथे 'प'च होता. संस्कृत मंत्र अचूक म्हणता यावेत म्हणून तिथले बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपी शिकत, त्या अभ्यासातून हा क्रम जपानीत रुजला.

पुण्यात जपानी शिकायला लागले तेव्हा या तक्त्याने मला पहिल्यांदा ओढून घेतलं. आता जपानला निघालेली किंवा नुसतीच कुतूहल असलेली मंडळी मला विचारतात, "सुरुवात कुठून करू?" त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहितेय. जपानी संस्कृतीत पुष्कळ काही मुद्दाम रिकामं ठेवलेलं असतं: देवळाचा गाभारा, कवितेतला श्वास, चहाची खोली, स्मारकावरच्या वाक्यातला कर्ता. या मोकळ्या जागेला त्यांच्याकडे 'मा' असा शब्द आहे. त्याचं चिन्ह म्हणजे दरवाजा आणि त्याच्या फटीतून दिसणारा सूर्य. जुन्या रूपात सूर्याच्या जागी चंद्र होता. अशा जागांपाशी थांबायची सवय लावणं, एवढाच या लेखाचा अभ्यासक्रम.

पहिली पायरी: आधी देवळात जा

"तुमचा धर्म कोणता?" असं जपानी माणसाला पहिल्या भेटीत विचारू नका. खासगी प्रश्न वाटतो, आणि पुष्कळांना त्याचं सरळ उत्तरही देता येत नाही. 'धर्म' या अर्थाचा 'शूक्यो' हा शब्द रूढ झाला तोच मेइजी काळात (१८६८–१९१२). त्याआधी कामी, म्हणजे तिथल्या मातीतले देव, आणि बुद्ध हजारभर वर्षं एकाच आवारात नांदत होते. १८६८ साली सरकारी हुकमाने त्यांची वाटणी झाली. लोकांच्या मनात ती वाटणी आजही पुरती झालेली नाही. एकच कुटुंब बाळाला शिंतो देवळात नेतं, लग्न चर्चच्या पद्धतीने लावतं आणि अंत्यविधीला बौद्ध भिक्षूला बोलावतं. जेजुरीला जाणारा माणूस वाटेतल्या दर्ग्यालाही हात जोडतो, हे पाहिलेल्या आपल्यासारख्यांना ते कळायला अवघड नाही.

म्हणून श्रद्धेची चर्चा बाजूला ठेवून कृती शिकायची. शिंतो देवस्थान म्हणजे 'जिंजा', बौद्ध मंदिर म्हणजे 'तेरा'. दोन खांब आणि वर आडव्या तुळया असं तोरिई दिसलं की बहुधा जिंजा समजायचं. आत शिरताना किंचित वाकायचं आणि वाटेच्या कडेने चालायचं. मधली वाट कामींची. पाण्याच्या कुंडापाशी लांब दांड्याचं ओगराळं ठेवलेलं असतं. ते एकदाच भरून घ्यायचं. आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची, पुन्हा डावा हात. ओगराळं तोंडाला लावायचं नाही. शेवटी ते उभं धरून उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळू द्यायचं, म्हणजे पुढच्या माणसाच्या हाती स्वच्छ दांडा लागेल. मला या विधीतला हा शेवटचा भाग फार आवडतो. आपल्या शुद्धीत पुढच्या अनोळखी माणसाचा विचार आधीच केलेला आहे.

मग पेटीत नाणं टाकायचं. लोक पाच येनचं नाणं शोधून टाकतात, कारण पाच येन म्हणजे 'गोएन' आणि ऋणानुबंधालाही 'गोएन'च म्हणतात. दोनदा कमरेतून वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, हात जोडून मनातलं सांगायचं आणि पुन्हा एकदा वाकायचं. इझुमोच्या देवस्थानात टाळ्या चार. बौद्ध मंदिरात टाळी अजिबात नाही, नुसते हात जोडायचे. नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

आता समोर पाहा. दर्शनाला मूर्ती नाही. आतली पवित्र वस्तू कुणाला दाखवायची नसते. हे अंगवळणी पडायला आपल्याला वेळ लागतो, कारण आपली भक्ती डोळ्यांची. विठोबा डोळे भरून पाहायचा असतो. इसेच्या महादेवस्थानात गेलात तर हे जास्तच जाणवेल. तिथलं मुख्य देऊळ दर २० वर्षांनी शेजारच्या भूखंडावर हुबेहूब नव्याने बांधतात आणि जुनं उतरवतात. २०१३ मध्ये ही ६२वी खेप झाली, पुढची २०३३ मध्ये आहे. त्यामुळे उभ्या देवळाशेजारी गोट्यांनी आच्छादलेला एक रिकामा चौक कायम असतो. बहुतेक लोक त्याच्याकडे न बघताच परततात. तुम्ही तिथे पाच मिनिटं थांबा. मागचं देऊळ तिथे होतं आणि पुढचं तिथेच उभं राहणार आहे. ते बांधायची विद्या सुतारांच्या एका पिढीच्या हातातून दुसरीच्या हातात जावी, यासाठी २० वर्षांचं अंतर अगदी बेताचं आहे.

बौद्ध मंदिरांत मूर्ती आहेत आणि त्यातल्या काही ओळखीच्या निघतील. सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली, हातात वीणेच्या जागी बिवा हे जपानी तंतुवाद्य आलं. कुबेर बिशामोनतेन झाला, महाकाल भाताच्या पोत्यांवर उभा राहून हसणारा दाइकोकुतेन झाला. आपला गणपती कांगितेन. तोक्योत आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचं त्याचं मंदिर आहे. तिथे त्याला पांढरा मुळा वाहतात. दर्शन मात्र मिळणार नाही, मूर्ती लोकांच्या नजरेआड ठेवलेली असते. नारातल्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे ७५२ साली विधिपूर्वक उघडले गेले ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून. ही ये-जा इतकी जुनी आहे. पण "सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलं" असं घोकत फिरलात तर समोरचं दिसायचं राहून जाईल. हे देव आता जपानी आहेत, त्यांना तसंच भेटा.

अंगात बळ आणि हाताशी दिवस असतील तर शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांच्या यात्रेचा एखादा टप्पा चाला. पूर्ण यात्रा सुमारे १,२०० किलोमीटरची आहे. यात्रेकरूच्या पांढऱ्या सदऱ्यावर 'दोग्यो निनिन' असं लिहिलेलं असतं, म्हणजे 'दोघं बरोबर चालतोय'. दुसरा म्हणजे कोबो दाइशी, नवव्या शतकातले कूकाई; हातातली काठी हे त्यांचंच रूप. वारी केलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको.

दुसरी पायरी: तीन ओळींपासून वाचायला लागा

'गेंजी मोनोगातारी' या हजार वर्षं जुन्या, लांबलचक कथेपासून सुरुवात करू नका. अनेकजण उत्साहाने तेच आधी उचलतात आणि पात्रांच्या गर्दीत हरवतात. आधी हायकू.

बाशोचा १६८६ मधला हायकू मूळ जपानीत मोठ्याने म्हणा: "फुरुइके या, कावाझु तोबिकोमु, मिझु नो ओतो." जुनं तळं, बेडूक उडी घेतो, पाण्याचा आवाज. पहिल्या ओळीअखेरच्या 'या'ला स्वतःचा अर्थ नाही. त्याला 'किरेजी' म्हणतात, म्हणजे कापणारं अक्षर. तिथे कविता दुभंगते. 'या'नंतर एक श्वासभर थांबा आणि मग पुढे म्हणा. तळं किती शांत होतं हे बाशो कुठेच सांगत नाही, ते आवाज झाल्यावर तुमचं तुम्हाला कळतं.

दुसरा इस्साचा. १८१९ साली त्याची लहानगी मुलगी देवीच्या आजाराने गेली. "त्सुयु नो यो वा, त्सुयु नो यो नागारा, सारिनागारा." हे जग दवाचं आहे, दवाचंच आहे हो, आणि तरीही… इस्सा अमिदा बुद्धाचा भक्त होता. जग अनित्य आहे हे त्याने जन्मभर ऐकलं होतं आणि मानलंही होतं. तरी 'सारिनागारा' म्हणून त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं. मला जपानी बौद्ध मन पहिल्यांदा समजलं ते या अर्ध्या वाक्यात. कुठल्याही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकाआधी.

शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, त्यामुळे हा प्रकार आपल्याला परका नाही. मराठीत लिहून पाहायचा असेल तर ५-७-५ च्या हिशेबात अडकू नका. जपानी मोजणी अक्षरांपेक्षा मात्रांच्या जवळची आहे आणि ती मराठीत जशीच्या तशी बसत नाही. एक चित्र, एक काप, दुसरं चित्र. एवढं साधलं तरी पुष्कळ.

त्यानंतर सेई शोनागोन या हजार वर्षांपूर्वीच्या दरबारी लेखिकेचे छोटे छोटे उतारे वाचा, कुठूनही उघडून. मग कामो नो चोमेईचं 'होजोकी', १२१२ मधलं, एका बैठकीत वाचून होणारं. क्योतोची आग, वावटळ, दुष्काळ आणि भूकंप पाहिलेला माणूस डोंगरात दहा फूट चौरस झोपडीत राहायला जातो. शेवटी तो स्वतःलाच विचारतो, की या झोपडीवरची माझी माया ही आसक्तीच नाही का? मन काही उत्तर देत नाही. तो दोन-तीनदा बुद्धाचं नाव घेतो आणि लेखणी ठेवतो.

'हेइके मोनोगातारी' ही युद्धाची कथा आंधळे भिक्षू बिवा वाजवत गात असत. तिची पहिली ओळ 'गिओन शोजा'च्या घंटेबद्दल आहे. गिओन शोजा म्हणजे आपल्या श्रावस्तीचं जेतवन, आणि त्या घंटेच्या नादात 'शोग्यो मुजो' घुमतं, म्हणजे सगळे संस्कार, जे जे घडतं ते सगळं, अनित्य. जपानमधल्या शाळकरी मुलांना ही ओळ पाठ असते.

आता 'गेंजी' हाती घ्या. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबूने लिहिलेली ५४ प्रकरणं. इंग्रजीतून वाचणार असाल तर रॉयल टायलर यांचं २००१ मधलं भाषांतर टिपांमुळे नवख्याला सोपं जातं. नायकाच्या मृत्यूपाशी पोचाल तेव्हा 'कुमोगाकुरे' असं शीर्षक भेटेल, म्हणजे 'मेघांआड'. त्याखाली एकही ओळ नाही, आणि ५४ मध्ये हे प्रकरण मोजतही नाहीत. पुढचं प्रकरण उघडावं तर गेंजी जाऊन काही वर्षं झालेली असतात.

विसाव्या शतकातून फक्त दोन भाषणं सुचवते. १९६८ मध्ये नोबेल घेताना कावाबाता यासुनारी 'सुंदर जपानचा मी' या विषयावर बोलले. त्यात दोगेन, म्योए आणि र्योकान या बौद्ध भिक्षूंच्या कविता आहेत, बर्फ आहे, चंद्र आहे. १९९४ मध्ये त्याच व्यासपीठावर ओए केन्झाबुरो यांनी आपल्या भाषणाला नाव दिलं 'संदिग्ध जपानचा मी'. कावाबातांच्या सौंदर्याबद्दल आदर ठेवूनही ओए विचारतात की या सुंदर संदिग्धतेच्या आड आशियाई शेजाऱ्यांवर केलेलं आक्रमण लपतं का. ही दोन्ही भाषणं एकाच दिवशी, लागोपाठ वाचा. पुढच्या दोन्ही पायऱ्या त्यांच्यामधल्या अंतरात आहेत.

तिसरी पायरी: सौंदर्याचे शब्द नंतर, वस्तू आधी

वाबी, साबी, यूगेन, मोनो नो आवारे. हे शब्द पाठ करून काही होत नाही. 'वाबी'च्या मुळाशी हाल आणि लाचारी आहे, 'साबी'च्या मुळाशी एकाकीपण. दुकानातल्या चिठ्ठीवर हे शब्द दिसले तर पुढे चला. त्यापेक्षा एकदा चहाच्या विधीला पाहुणे म्हणून बसा. क्योतो-तोक्योत परक्या लोकांसाठी असे तास चालतात.

मात्चाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा, वाडगा तुमच्यासमोर येतो तेव्हा त्याची सगळ्यात देखणी बाजू तुमच्याकडे वळवलेली असते. यजमानाने ती तुम्हाला दिलेली असते. तुम्ही वाडगा डाव्या तळव्यावर घ्यायचा आणि उजव्या हाताने थोडा फिरवायचा, म्हणजे त्या बाजूला ओठ लागणार नाहीत. चहा संपला की ओठांची जागा बोटांनी पुसून वाडगा उलट फिरवून ठेवायचा. कुणी कुणाला काही म्हणत नाही. देणं आणि घेणं वाडग्याच्या त्या दोन वळणांत होऊन जातं.

हा विधी ज्यांनी घडवला ते सेन नो रिक्यू (१५२२–१५९१). त्यांच्या हातची मानली जाणारी 'ताइआन' ही चहाची खोली यामाझाकीला आजही उभी आहे, जेमतेम दोन तातामींची, म्हणजे दोन चटयांएवढी. आत जायचं दार अगदी बुटकं. सरदार असो की सावकार, गुडघ्यांवर सरकतच आत यावं लागतं आणि तलवार बाहेर ठेवावी लागते. एक गोष्ट परंपरेने सांगतात. रिक्यूंच्या बागेत निळी फुलं बहरल्याचं ऐकून त्या वेळचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी पाहायला आला, तर बागेत एकही फूल नाही, सगळी खुडलेली. संतापून तो चहाच्या खोलीत शिरला. तिथे कोनाड्यात एकच फूल ठेवलेलं होतं. पुढे याच हिदेयोशीच्या हुकमाने रिक्यूंना पोट चिरून मरावं लागलं. चहाच्या खोलीची शांतता अशा काळात घडली, हे विसरू नये.

जपानला जाणं लांबणीवर असेल तर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जा. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलेलं आहे. एकदम सगळं पाहायची घाई न करता पायवाटेनेच चाला. वळणावर काय झाकलं जातं आणि पुढे काय उघडतं, तेवढंच बघा. या लपवण्या-दाखवण्याला जपानी बागकामात 'मिएगाकुरे' म्हणतात. मग कधीतरी क्योतोच्या र्योआनजी मंदिराच्या बागेत १५ दगडांसमोर बसाल आणि ओसरीवर कुठेही बसलं तरी एक दगड लपतोच हे अनुभवाल, तेव्हा डोळा तयार असेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण सौंदर्यावरचे बरेच लेख ती टाळतात. गळून पडणाऱ्या साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलाच्या, पाकळीबद्दल आपल्याला हळहळ शिकवणाऱ्या याच देशाने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला माणसासकट शत्रूच्या जहाजावर आदळणाऱ्या बॉम्बविमानाला 'ओका', म्हणजे 'साकुराचं फूल', असं नाव दिलं आणि त्याच्या नाकावर ते फूल रंगवलं. कोवळ्या पोरांना मरण सुंदर वाटावं म्हणून हजार वर्षांची कविता वापरली गेली. ओकाकुरा काकुझो यांनी १९०६ च्या आपल्या चहावरच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं, की जपान शांतीच्या कलांत रमला होता तोवर पाश्चात्त्य त्याला रानटी म्हणत, मांचुरियाच्या रणभूमीवर कत्तल सुरू केल्यावर सुसंस्कृत म्हणू लागले. म्हणून सौंदर्यापाशी थांबू नका, चौथी पायरी चढा.

चौथी पायरी: हिरोशिमाला एक अख्खा दिवस द्या

त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. जवळचं मियाजिमा बेट दुसऱ्या दिवशी करा. सकाळी लवकर निघून आधी बाहेर फिरा, संग्रहालय नंतर.

६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ८:१५ वाजता इथे बॉम्ब पडला. वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं मेली. तीन दिवसांनी नागासाकीत ११:०२ वाजता दुसरा. तिथे सुमारे ७०,०००. नदीकाठचा घुमटाचा सांगाडा १९१५ मध्ये यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदाने उभारलेली इमारत आहे. नदी ओलांडून तांगे केन्झो यांनी आखलेल्या उद्यानात या आणि कमानीच्या स्मारकासमोर उभे राहा. कमानीतून पलीकडे तो घुमट दिसतो.

शिळेवरचं वाक्य: "यासुराकानि नेमुत्ते कुदासाई, आयामाची वा कुरिकाएशिमासेनु कारा." इंग्रजीत याचं भाषांतर करताना 'आम्ही' घालावं लागतं. मराठीत नाही: "शांत झोपा, ती चूक पुन्हा करणार नाही." कोण करणार नाही? मूळ वाक्यात कर्ताच नाही, आणि आपली मराठी हे रिकामेपण जसंच्या तसं पेलते. १९५२ मध्ये जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या तोक्यो खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल इथे आले आणि त्यांनी या वाक्याला हरकत घेतली: बॉम्ब जपान्यांनी टाकला नव्हता, मग चूक कुणाची? वाक्य लिहिणारे हिरोशिमा विद्यापीठाचे प्राध्यापक साइका तादायोशी यांनी त्यांना निषेधाचं पत्र पाठवलं. शहराचं म्हणणं असं, की कर्ता सगळी मानवजात आहे. पालांचं नाव आज जपानमधले उजवे लोक युद्धगुन्हे पुसायला वापरतात, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलताना दोन्ही बाजू माहीत असू द्या.

मला ते वाक्य मान्य आहे. पण रिकामी जागा कधी नम्रतेची असते आणि कधी पळवाटेची, हे ओळखायलाही इथेच शिकावं लागतं. कोरियन बळींचं स्मारक १९७० मध्ये उभारलं गेलं तेव्हा ते उद्यानाच्या बाहेर होतं. आत यायला १९९९ उजाडलं. ते शोधा आणि तिथेही थांबा. पुढे ओकिनावाला गेलात तर 'शांतीची कोनशिला' पाहा. १९९५ पासून तिथे जपानी, अमेरिकी, कोरियन, सैनिक, नागरिक, सगळ्या मृतांची नावं एकाच प्रकारच्या दगडांवर कोरली जातात.

संग्रहालयात एक गंजलेली तीनचाकी सायकल आहे. चार वर्षं पूर्ण व्हायच्या बेतात असलेला मुलगा तिच्यावर खेळत होता. एवढ्याशा पोराला स्मशानात एकटं ठेववेना म्हणून बापाने त्याला सायकलीसकट अंगणातच पुरलं, आणि ४० वर्षांनी, १९८५ मध्ये, उकरून अस्थी कुटुंबाच्या थडग्यात नेल्या. सायकल इथे दिली. ती पाहताना इस्साचं 'सारिनागारा' आठवलं की साहित्याचा अभ्यास वाया गेला नाही असं समजा.

बॉम्बमधून वाचलेल्यांना 'हिबाकुशा' म्हणतात. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या 'निहोन हिदानक्यो' संघटनेला २०२४ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. त्यांच्यापैकी कुणाची साक्ष प्रत्यक्ष ऐकायची संधी मिळाली तर बाकी सगळं सोडून जा, कारण ही माणसं आता फार म्हातारी झाली आहेत. १९४७ पासून लागू असलेल्या संविधानाचं नववं कलम, युद्ध कायमचं सोडण्याचं, आदल्या रात्री वाचून ठेवा. ते लहानसंच आहे.

महाराष्ट्रातून याचा एक धागा सरळ जातो. निचिदात्सु फुजी हे निप्पोनझान म्योहोजी पंथाचे भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही सुरुवातीला त्यांचा "नम्यो हो रेंगे क्यो" हा मंत्र म्हणतात. हिरोशिमानंतर फुजींनी जगभर शांतिस्तूप उभारायचं काम हाती घेतलं. राजगीरचा स्तूप १९६९ चा. हिरोशिमाआधी किंवा नंतर, पण एकदा सेवाग्रामच्या प्रार्थनेला बसा.

आणि हिरोशिमाला जायचा महिना निवडता येत असेल तर मे बघा. कमानीखालच्या दगडी पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या आहेत. वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्या बाहेर काढून पानापानाला हवा देतात, बुरशी धरू नये म्हणून. पांढरे हातमोजे घातलेली माणसं हळूहळू पानं उलटत असतात. त्यातली एक वही ज्यांची नावं कधीच कळली नाहीत त्यांची आहे. तिच्यात एकही नाव नाही, आणि तिचीही पानं तितक्याच हळू, एक एक करून उलटतात.